नावातला गंज

रघुनाथराव कोहळ्यांच्या मिशीला सौंसरात जेवढा मान होता, तेवढा त्यांच्या रिव्हॉल्व्हरला नव्हता, आणि हीच गोष्ट त्यांना सलत असे. मिशी बापाकडून आलेली, फुकटची. रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतः मिळवलं होतं. लायसनसाठी छिंदवाड्याच्या कचेरीत चपला झिजवल्या, मग नागपूरच्या एका रिटायर मिलिटरी डॉक्टरकडून ते विकत घेतलं. अमेरिकेचं, स्टेनलेस स्टीलचं, तोंड पाहावं असं चकचकीत. संत्र्याच्या बागेत रानडुकरं येतात, असं त्यांनी अर्जात लिहून दिलं होतं. डुकरं येतही होती. पण रघुनाथरावांनी ते रिव्हॉल्व्हर डुकराला कधी दाखवलं नाही. माणसांना दाखवण्यातूनच त्यांना सवड होत नसे.

चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्याला पांढुर्ण्याचे नत्थूजी सोनं द्यायला आले. नत्थूजी म्हणजे रघुनाथरावांचे व्याही. इकडे इवाई म्हणतात. रघुनाथरावांना एकच लेक, केसर, ती नत्थूजींच्या घरी दिलेली. पाटावर शस्त्रांची पूजा मांडली होती. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, सगळ्यांना तेलाचं बोट लागलेलं, आणि मधोमध लाल मखमलीवर कोरडं ठणठणीत रिव्हॉल्व्हर, झेंडूच्या फुलांत नवरदेवासारखं बसलेलं. नत्थूजींच्या घरी बापाच्या वेळची काळी बारा बोअर होती आणि बंदुकीला दर अमावास्येला तेल द्यावं, हा त्यांचा आवडता विषय होता. त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि यालाही थोडं तेल दाखवा म्हणाले.

"तेल लोखंडाले लावतेत, इवाई," रघुनाथराव हसले. "हे स्टेनलेस हाये."

"स्टील म्हंजे लोखंडाचंच पोरगं न?" नत्थूजी म्हणाले. "शहरात जाऊन शिकलं म्हून बापाची खोड जाते थोडी."

बसलेले दहा-बारा लोक हसले. ते हसणं रघुनाथरावांना लागलं. त्यांनी मिशीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्यावर गंज चढला तं हे उतरवून देईन. पुढच्या दसऱ्याले याच पाटावर पाहून घ्या."

ओसरीवरच्या खाटेवर त्यांचे वडील चिंधूजी पडले होते. ऐंशी कधीच ओलांडलेली, दात गेले पण कान शाबूत. ते पडल्या पडल्याच म्हणाले, "जपून बोल गा रघ्या. मिशी मायी हाये."

त्या दिवशी गोष्ट तिथेच राहिली. मग देशात निवडणूक लागली आणि ज्यांच्याकडे लायसनची हत्यारं आहेत त्यांनी ती ठाण्यात जमा करावी, असा हुकूम निघाला. रघुनाथरावांची झोप उडाली. ठाण्यात हत्यारांचा ढीग पडणार. निवडणूक झाली की ज्याचं त्याला परत. पण त्या ढिगातून आपलंच आपल्याला मिळेल कशावरून? रिव्हॉल्व्हरवर नंबर होता, पण तो बारीक, इंग्रजीतला. त्याच्यावर काय भरोसा ठेवायचा?

रघुनाथरावांना या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, कारण गावात ते सगळ्यांनाच माहीत असतं. लग्नाची पंगत असली की आळीतल्या घराघरांतून ताटं, गंज (इकडे पातेल्याला गंजच म्हणतात), पराती गोळा होतात, आणि संध्याकाळी खरकट्या भांड्यांचा डोंगर उभा राहतो. त्यातून प्रत्येकाचं भांडं बिनचूक घरी जातं, कारण प्रत्येक भांड्यावर नाव टाकलेलं असतं. रघुनाथरावांच्या घरी तर नाव नसलेली वस्तू सापडणं कठीण. ताटावर नाव, पितळी घागरीवर नाव, पंपाच्या खोक्यावर, बैलगाडीच्या साटीवर, खाटेच्या लाकडी गातावरसुद्धा. पोटी मुलगा नव्हता. लोक तोंडावर बोलत नसत, पण रघुनाथरावांनी ते न बोललेलंही ऐकलं होतं. तेव्हा माणूस जिथे जागा दिसेल तिथे नाव टाकून ठेवतो.

ते रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेले. तिथे शालिकराम विजेच्या सुईनं नावं टाकायचा. पिशवीतून निघालेली वस्तू पाहून तो स्टुलावरून उठून उभा राहिला. असल्या वस्तूवर आपण कधी नाव टाकलं नाही आणि टाकताना ती उडाली तर काय, असं त्याचं म्हणणं. रघुनाथरावांनी चक्री उघडून आत काही नाही हे दाखवलं.

"स्टील हाये न हे?" ते म्हणाले. "मंग भांडं समज आन टाक."

शालिकरामनं आणखी एक अडचण काढली. नाव फुकट, पण आमच्या दुकानातून घेतलेल्या भांड्यावरच. मग रघुनाथरावांनी एक स्टीलचा तांब्या घेतला. आधी तांब्यावर नाव पडलं, गुरगुरत, नाचत: र. चि. कोहळे, सौंसर. र म्हणजे रघुनाथराव, चि म्हणजे चिंधूजी. मग रिव्हॉल्व्हरची पाळी. तांब्याचा पत्रा पातळ, हे स्टील कठीण. सुई घसरायला लागली. शालिकरामनं जाड लोखंडी सुई लावली आणि प्रत्येक अक्षर दोनदोनदा खोल कोरलं. सवयीप्रमाणे त्यानं 'सप्रेम भेट' लिहू का म्हणून विचारलंही. रघुनाथराव नाही म्हणाले.

ठाण्यातला मुन्शी ते नाव पाहून हसला, पण निवडणुकीनंतर पहिलं हत्यार परत आलं ते रघुनाथरावांचं. मुन्शीनं बारीक नंबर पाहिलाच नाही, नाव वाचलं आणि हातात दिलं. रघुनाथराव पुढचे कित्येक दिवस ही गोष्ट सांगत होते. त्यांनी पांढुर्ण्याच्या मोच्याकडून खास चामड्याची पिशवी शिवून घेतली, रिव्हॉल्व्हर तिच्यात घातलं, पिशवी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. कपाटावरही नाव होतं.

पुढच्या वर्षी पोळा झाला. रघुनाथराव गोटमारीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीच्या जत्रेला, पांढुर्ण्याला जाऊन, लेकीला भेटून, डोकं शाबूत घेऊन परत आले. पाऊस त्या साली लांबला होता. घरातलं मीठ पाणी सोडत होतं, धोतरं वाळत नव्हती. दसरा जवळ येतोय म्हणून त्यांनी एक दिवस पिशवी उघडली. रिव्हॉल्व्हर तसंच होतं, चकचकीत. फक्त नाव लाल झालं होतं.

त्यांना आधी वाटलं, मागच्या दसऱ्याचं कुंकू राहिलं असेल. धोतराच्या सोग्यानं पुसलं. नखानं खरवडलं. मग लक्षात आलं, की दसऱ्याला तर नावच नव्हतं. र पासून र पर्यंत गंजानं एक अक्षर सोडलं नव्हतं; पूर्णविरामसुद्धा भरून काढले होते. दुकानातल्या शालिकरामच्या हातून जे सुबक झालं नव्हतं ते गंजानं सुबक करून दिलं होतं. आता ते नाव चार हातांवरूनही वाचता येत होतं.

रघुनाथरावांनी दार लावून घेतलं. ही गोष्ट घरातल्या बाईमाणसाला कळता कामा नये, म्हणून रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतः घासायला घेतलं. चिंच लावली, राख लावली, लिंबू पिळलं. ते लखलखलं, म्हणून त्यांनी सोग्यानं पुसल्यासारखं केलं आणि चामड्यात परत घातलं. चार दिवसांनी पाहिलं तर नाव पहिल्याहून लाल. मग रॉकेल झालं. मग बाजारातून लोखंडी तारेची घासणी आणली, कढईचं जळकं बूड घासतात ती, आणि अंगातला सगळा जोर लावून तिनं घासलं. त्या दिवशी रिव्हॉल्व्हर असं चमकलं की रघुनाथरावांनी आरशात पाहावं तसं त्यात पाहून मिशी नीट केली. आठवड्याच्या आत नावाच्या आजूबाजूलाही देवीच्या वणांसारखे बारीक लाल ठिपके उठले.

देवकाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. मडक्यातली चिंच खाली जात होती.

"घरात चिंच कोन खाऊन राहिलं?" त्यांनी एकदा जेवण वाढताना विचारलं. "मले तं या वयात डोहाळे लागले नाई."

खाटेवरून चिंधूजी खोकल्यासारखं काहीतरी करून हसले. रघुनाथरावांनी मान खाली घालून भाकर मोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागपूर गाठलं.

तिथल्या बंदुकीच्या दुकानदारानं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, नाव वाचलं, रघुनाथरावांकडे पाहिलं, परत नाव वाचलं. मग त्यानं दोनचार गोष्टी विचारल्या. कशानं कोरलं, कशानं घासलं, कशात ठेवता. उत्तरं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला नाही, एवढा तो सभ्य होता. म्हणाला, स्टेनलेसलाही तेल लागतं, हवा लागते. चामडं ओल धरतं आणि कमावतानाचा क्षारही त्यात राहतो. आणि लोखंडी सुईचा, लोखंडी तारेचा कीस त्या खाचांत जाऊन बसलाय, तो गंजतोय. बाहेरचे डाग मी आता काढून देतो. पण या खाचा खोल आहेत. त्या घासून सपाट केल्या तरच गंज मुळासकट जाईल.

"मंग करा सपाट," रघुनाथराव म्हणाले.

"करतो. पण मग नाव जाईल."

रघुनाथरावांनी रिव्हॉल्व्हर आपल्याकडे ओढलं.

"नाव ठेवायचं तर आत थोडा गंज राहीलच," दुकानदारानं समजावलं. "गंज घालवायचा तर नाव घालवावं लागेल. तुम्ही सांगाल तसं."

दुकानाबाहेर रिक्षा, सायकली चालल्या होत्या. रघुनाथराव बराच वेळ काउंटरवर हात ठेवून उभे राहिले. मिशी वाचवायची तर नुसतं हो म्हणायचं होतं. पण मशीन फिरणार, आणि र जाणार, कोहळे जाणार, सौंसर जाणार, ते सगळं एकवेळ गेलं तरी मधला चि जाणार. म्हातारा अजून खाटेवर बसून दोन भाकरी खातोय आणि त्याचं अक्षर आपण पैसे देऊन पुसून टाकायचं. असला अपशकुन कुणी विकत घेतो का? मुलगा नसलेल्या माणसानं तर नाव पुसायची भाषाच करू नये.

त्यांनी बाहेरचे ठिपके काढून घेतले, तेलाची बाटली घेतली, नाव तसंच ठेवलं आणि संध्याकाळच्या बसनं घरी आले. वाटेत त्यांना एक युक्तीही सुचली, आणि ती त्यांना इतकी आवडली की घरी पाय धुतल्या धुतल्या त्यांनी ती मांडली. गंज बंदुकीवर नाहीच. बंदूक स्वच्छ आहे, दुकानदारानं सांगितलंय. गंज फक्त नावात आहे. शर्त बंदुकीची होती, तेव्हा मिशीला धक्का लागत नाही.

देवकाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या चुलीकडे वळल्या. बोलले चिंधूजी.

"मिशी कोनाची हाये गा? बंदुकीची का नावाची?"

रघुनाथरावांनी तेलाची बाटली कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं. दसऱ्याला दहा-बारा लोकांसमोर, इवायासमोर, पाटाशी बसून मिशी उतरवण्यापेक्षा आधीच उतरवून मोकळं व्हावं. मग लोक पाहतील तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणता येईल, बोललो होतो, केलं. त्यात काही कमीपणा नाही. उलट तोही एक मानच.

सौंसरच्या न्हाव्याकडे जायचं मात्र धाडस झालं नाही. ते बसनं बोरगावला गेले. तिथे वडाखाली श्रावण न्हाव्याची पेटी होती. श्रावण त्यांना दुरून ओळखून होता. ती मिशी सगळा तालुका ओळखून होता. रघुनाथराव पाटावर बसले आणि मिशी काढ म्हणाले.

श्रावणचा हात थांबला. इकडे मिशी कशी उतरते आणि केव्हा उतरते हे ज्याला सांगावं लागेल असा माणूस अजून जन्मायचा होता. बाप गेल्याशिवाय कुणी मिशीला वस्तरा लावत नाही. कोहळ्यांचा म्हातारा ऐंशीच्या पुढचा, हेही त्याला ठाऊक होतं. असल्या वेळी न्हावी जास्त विचारत नाही. त्यानं हळू आवाजात एवढंच विचारलं, की डोकंही करायचं ना. रघुनाथराव म्हणाले, नुसती मिशी. श्रावणला वाटलं, शिकले-सवरलेले लोक आजकाल एवढंच करत असतील.

काम झालं. रघुनाथरावांनी पैसे पुढे केले, तर श्रावणनं त्यांची मूठ मिटली आणि दोन्ही हात जोडले.

"अशा येळी पैसे घेत नाई आमी," तो म्हणाला.

रघुनाथरावांना भरून आलं. आपली शर्त बोरगावच्या न्हाव्यापर्यंत पोचली आहे, आणि शब्द पाळणाऱ्या माणसाची अशी कदर करणारे लोक जगात अजून आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी श्रावणनं पाहिलं, आणि उरलीसुरली शंकाही गेली. रघुनाथराव वळून जवळच्याच आपल्या बागेकडे निघाले. श्रावणनं समोर उभ्या असलेल्या बसच्या कंडक्टरला हाक मारली.

बागेत रघुनाथराव दुपारभर थांबले. उघड्या ओठाला वारा लागत होता, त्याची जरा सवय व्हावी म्हणून. उन्हं कलल्यावर घरी आले तर दारात चपलांचा ढीग. अंगणात आळीतले, बाजारातले, सोसायटीतले लोक टोप्या हातात घेऊन, मान खाली घालून बसलेले. दुखवट्याच्या घरी गेलेला माणूस कुणाला रामराम घालत नाही, कुणाचा घेत नाही. आणि ओसरीवरच्या खाटेवर टेकून बसलेले चिंधूजी येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं रामराम घालत होते आणि बसा म्हणत होते. लोकांची मोठी पंचाईत झाली होती. गेलेल्या माणसानं रामराम घातला तर काय करायचं, याचा रिवाज कुणी ठरवलेला नव्हता. निघून जावं तर तेही बरं दिसेना. सोसायटीचे सेक्रेटरी कवडूजी फाटकातूनच 'फार भला माणूस होता' असं म्हणत आत आले होते, ते आता खांबाआड बसून होते.

रघुनाथराव फाटकात उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या ओठावर गेल्या, तिथून खाटेवर गेल्या, तिथून परत ओठावर आल्या. देवकाबाई दारात आल्या, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. त्यांचे खांदे हलत होते. शेजारच्या शांताबाईंना वाटलं बाई रडतेय. त्या समजूत घालायला आत गेल्या आणि थोड्या वेळानं आतून दोघींचाही तसाच आवाज यायला लागला.

"ये गा," चिंधूजी लेकाला म्हणाले. "मी गेलो तवा कुठं होता?"

रघुनाथरावांनी सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वळणावर जीप वाजली. पांढुर्ण्यापर्यंत बातमी कुणी नेली हे कळलं नाही. बस नेते, तशी नेली असणार. जीप थांबायच्या आधीच आतून केसरचा हंबरडा आला, "माह्या आबाजी वं," आणि मागोमाग चारपाच बायकांचा. नत्थूजी उडी मारून उतरले, सरळ येऊन रघुनाथरावांच्या गळ्यात पडले आणि रडायला लागले. खरोखरीचे रडले. रघुनाथरावांचा खांदा भिजला.

"असे कसे गेले हो आबाजी," ते म्हणत होते. "परवाच मले म्हने, संत्र्याचा पन्हा पाजतो."

"बसा, इवाई," खाटेवरून आवाज आला. "आजच पाजतो."

केसरचा हंबरडा मध्येच तुटला. नत्थूजींनी मान फिरवून पाहिलं. मग ते अंगणातच उकिडवे बसले आणि छाती चोळायला लागले.

कुणीतरी बोलायला हवं होतं. रघुनाथराव बोलले. त्यांनी छातीवर हात ठेवला, ठरवलं होतं तसा. बोललो होतो, केलं. दसऱ्याची शर्त, गंज, मिशी. इतक्या लोकांसमोर बोलायचं म्हणून त्यांनी आवाजही जरा चढवला. नत्थूजी तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

"कोनती शर्त?" त्यांनी विचारलं.

रघुनाथरावांनी परत सांगितलं. पाट, मखमल, तेलाचं बोट, दहा-बारा लोक. नत्थूजींनी डोक्याला ताण दिला. जमलेल्या लोकांतले काही जण त्या दसऱ्याला तिथे होते. त्यांनीही एकमेकांकडे पाहिलं. दसऱ्याला माणूस काहीबाही बोलतोच. कवडूजींना मसालेभात आठवत होता.

"तुमी तेल लावा म्हनाले होते," रघुनाथराव हट्टानं म्हणाले.

"ते म्हनालो असन," नत्थूजी म्हणाले. "ते मी सगळ्याईलेच सांगतो. मायी बारा बोअर तवाच गंजून बसली होती न. कमर धरते, वरचा तेलाचा डबा काढवत नाई, तेल राहून गेलं. नळीत बोट घातलं तं लाल निघे. तवाच तं इतकं सांगत होतो." ते थांबले आणि व्याह्याच्या उघड्या ओठाकडे पाहून हळूच म्हणाले, "मागच्या इलेक्शनले ठान्यात दिली ते आनलीच नाई मी. त्याईलेच ठेवा म्हनलं."

मग नत्थूजींनी ते रिव्हॉल्व्हर पाहायला मागितलं. रघुनाथरावांनी आणून दिलं. नत्थूजींनी ते उन्हाकडे धरून नाव वाचलं, लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला, अंगठा पाहिला आणि धोतराला पुसला.

देवकाबाई डोळे कोरडे करून पाणी घेऊन आल्या. नत्थूजींनी तांब्या उचलला, वरून धार धरून घटाघटा पाणी प्यायले, आणि खाली ठेवता ठेवता त्यांचं लक्ष गेलं. र. चि. कोहळे, सौंसर. त्यांनी तांब्याही उन्हाकडे धरला आणि त्याच्यावरूनही अंगठा फिरवला. या वेळी तो पुसावा लागला नाही.

"हे कवाचं?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवसाचं," देवकाबाई म्हणाल्या. "बंदुकीवर नाव टाकायले गेले म्हून हे आलं घरात." आणि त्यांनी तांब्या परत घेतला, आत नेला, नारळाच्या काथ्यानं घासला, पुसला आणि पालथा घातला, रोज करत तसा.

लोक उठायला लागले. पण चिंधूजींनी हात वर केला. त्यांनी इवायाला जवळ बोलावून सांगितलं, की आलेच आहात तर जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही.

"माह्या तेरवीले पंगत कशी वाढून राहिले, ते मलेबी पाहू द्या एकदा," ते म्हणाले.

मग चुली पेटल्या. आळीतून ताटं आली, गंज आले, पराती आल्या. रडायला आलेल्या बायकांनी भाजी चिरली. चिंधूजींनी खाटेवर बसून वरण पातळ झाल्याचं सांगितलं आणि दोनदा मागून घेतलं. कवडूजी जेवता जेवता म्हणाले, म्हातारा खरंच भला माणूस आहे, आणि या वेळी मोठ्यानं म्हणाले.

दिवस बुडताना अंगणात भांड्यांचा डोंगर लागला. रघुनाथराव पाट घेऊन त्याच्यापाशी बसले. एकेक भांडं उचलून उजेडाकडे धरत होते, नाव वाचत होते आणि ज्याचं त्याला देत होते. मधूनच त्यांचा हात सवयीनं ओठाकडे जाई, आणि तिथून रिकामा परत येऊन पुढचं ताट उचले. अंधार पडायच्या आत सगळी भांडी आपापल्या घरी पोचली. एकही चुकलं नाही.